हौद्यात मावेल तेवढं घर

घराचं जोतं वर आलं आणि त्याच आठवड्यात माझा नवरा उभ्या पिकअपमधून पडला. गाडी चालू नव्हती. हौद्यात माल नव्हता. फाळका उघडा होता, त्याच्या हातात चहा होता, आणि तो उतरण्याऐवजी पडला, एवढंच. डावा घोटा मोडला. दवाखान्यात विचारलं, कसं झालं, तर तो म्हणाला, गाडीवरून पडलो. त्यांनी कागदावर मोटरसायकल लिहिली. त्यानं ते दुरुस्त केलं नाही.

एरवी ती पिकअप तळेगाव ढमढेऱ्यातून तरकारी घेऊन पहाटे मार्केटला जायची. कोथिंबीर, मेथी, फ्लॉवर. बांधकाम सुरू केल्यापासून तिच्यात विटा, खडी आणि क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, येऊ लागली. लोक विचारायचे, सरळ डंपर का मागवत नाही. डंपर आमच्या गल्लीत येत नाही. वस्तीच्या तोंडाशी एका बाजूला विहाराची भिंत आणि दुसऱ्या बाजूला आप्पांचा गोठा. आप्पा म्हणजे गावातले मोठे बागायतदार, सोसायटीवर त्यांचा शब्द चालतो. त्यांच्या गोठ्याचे पत्रे रस्त्यावर चांगले हातभर पुढं आलेले. त्या पत्र्याच्या आणि भिंतीच्या मधून आमची पिकअप जेमतेम जायची, आरसे मिटून. ट्रॅक्टरची ट्रॉली वळायची नाही. मुख्य रस्त्यावर माल ओतून घमेल्यांनी आणायचा तर निम्मा माल गावच्या अंगणांत गेला असता. म्हणून आमचं सगळं घर पिकअपच्या हौद्यातून यायचं ठरलं होतं, जेवढं मावेल तेवढं, खेपेखेपेनं.

माझ्याकडं लायसन्स होतं. कंपनीत मी इन्स्पेक्शनला आहे. तिथल्या एका मैत्रिणीबरोबर हौसेनं काढलं होतं आणि ते पर्समध्ये आधार कार्डाच्या मागं पडून होतं. नवऱ्यानं पलंगावरून मला गिअर शिकवले. मग चुलत दिराबरोबर चार-दोन वेळा बाजारतळाच्या मोकळ्या मैदानात चालवली. मी रजा टाकली. मिस्त्री बिहारचा, माणूस शांत. तो मला स्टिअरिंगवर बघून म्हणाला, "भाभी, दीवार अभी गीली है," आणि नव्या भिंतीपुढं दोन पिंपं आणून ठेवली.

तेव्हा दौंडहून आबा आले. आबा म्हणजे माझे सासरे. सगळी नोकरी मालगाडीवर गार्ड म्हणून केली, रिटायर होऊन दौंडातच भाड्याच्या खोलीत राहत होते. सासूबाई रिटायरमेंटच्या आधीच गेलेल्या. आम्ही लग्नानंतर तळेगावात आलो, तेव्हा ते दोघं तिकडंच राहिले. घर बांधायला काढलं तेव्हा नवऱ्यानं त्यांना एक खोली तुमच्यासाठी धरली आहे असं सांगितलं होतं. ते म्हणाले होते, बघू. त्यांचं माझं बोलणं म्हणजे चहा घेता का आणि घेतो. भांडण कधीच नव्हतं. विषयच निघायचा नाही.

मुलगा पडला म्हणून भेटायला आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी वीटभट्टीवर निघाले तर आबा गाडीच्या भोवती फिरत होते. त्यांनी चारी चाकांना हात लावून बघितला. फाळक्याची कडी ओढून बघितली. मग डावीकडं येऊन बसले, दार दोनदा लावून पाहिलं आणि म्हणाले, "हं. सोडा गाडी."

मला आधी कळलंच नाही ते कोणाशी बोलतायत. घरात ते मला अगं-तूगं करायचे. मी तसं म्हटलं, तर समोर बघत म्हणाले, "घरात तू सून हाईस. हितं ड्रायव्हर हाय. ड्रायव्हरला आरे-तुरे करायचं नसतं."

घरी येऊन उतरले की, "जरा पाणी दे गं."

हे शेवटपर्यंत असंच चाललं.

भट्टी भीमेच्या अलीकडं होती. तिथल्या बाया विटा हातात घेऊन हौद्यात अशा लावायच्या की मधे बोट जाऊ नये. मुकादम म्हणायचा अजून दोन थर बसतात. नवऱ्यानं मला एकच गोष्ट पक्की सांगितली होती. मागच्या चाकांवरचे लोखंडी पाटे वाकलेले असतात, ते सरळ व्हायला लागले की भरणं थांबवायचं, मग कोणी काहीही म्हणो. मी खाली वाकून पाटे बघायची. आबा दुसऱ्या बाजूनं वाकून बघायचे. मुकादमाला वाटायचं आमचं काहीतरी खाली पडलंय. पहिल्या खेपेला गाडी पुढून इतकी हलकी वाटली की स्टिअरिंग कोणाच्या दुसऱ्याच गाडीला जोडलंय की काय असं झालं. मी तसं सांगितलं. आबा म्हणाले, त्यांना यातलं काही माहीत नाही, ते आयुष्यभर गाडीच्या शेवटच्या डब्यात बसले, पुढचा रूळ कसा दिसतो ते आता बघतायत.

सळया आणल्या त्याची वेगळी कथा आहे. सळई लांबलचक, हौदा छोटा. दुकानदार ती मधून दुमडून देतो, तरी टोकं मागं चांगली बाहेर येतात. टोकाला लाल कापड बांधायचं असतं. मी घरातून माझ्या जुन्या ओढणीचा तुकडा नेला होता. आबांनी तो उन्हात धरला आणि म्हणाले, हा लाल नाही, हा मरून आहे. मी म्हटलं, लांबून लालच दिसतो. त्यांनी तुकडा घडी घालून मला परत दिला, बाजारात चालत गेले आणि लाल कापड फाडून घेऊन आले. सळयांचा तो माणूस, आम्ही आणि भरलेली गाडी, सगळे त्यांची वाट बघत उभे होतो. परत आल्यावर त्यांनी ते बांधलं, दहा पावलं मागं जाऊन बघितलं, पुन्हा सोडून बांधलं.

त्याच दिवशी गल्लीच्या वळणावर माझा अंदाज चुकला आणि सळयांचं टोक आप्पांच्या पत्र्याला लागलं. आवाज मोठा झाला. आप्पा बाहेर आले. त्यांनी पत्र्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग लाल कापडाकडं. "बाई चालवती व्हय?" असं आबांना विचारलं. आबा म्हणाले, व्हय. आप्पांनी पत्र्याला हात लावून तो खाली दाबला, तो पुन्हा वर आला. म्हणाले, आसूं दे. पत्रा कापावा असं तेव्हा त्यांच्या मनात आलं नाही, आणि सांगायची आमची कोणाची जीभ उचलली नाही. ते आबांना ओळखत नव्हते. आबाही त्यांना ओळखत नव्हते. पण दुसऱ्या दिवसापासून आम्ही वळणावर आलो की आप्पा गोठ्यातून येऊन पत्रा हातानं वर उचलून धरायचे, गाडी गेली की सोडायचे. हे त्यांना कापण्यापेक्षा सोपं वाटत असावं.

स्लॅबचा दिवस ठरला. सेंटरिंग झालं होतं, सळया बांधून झाल्या होत्या, मिक्सर वस्तीवर आणला होता. सकाळी लवकर सुरुवात झाली. नवरा प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून खुर्चीत बसला होता आणि ज्याला त्याला सूचना देत होता. दुपारी जेवणाच्या वेळेला मिस्त्री खाली आला, क्रश सँडच्या ढिगाभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "भाभी, रेती कम पड़ेगी. एक गाड़ी."

चूक कोणाची म्हणावी तर कोणाचीच नाही. मिस्त्रीनं हिशेब खेपांवर केला होता, आणि त्याच्या डोक्यातली खेप म्हणजे काठोकाठ भरलेला हौदा. आमची खेप पाटे सरळ होईपर्यंतची. तेवढा फरक शेवटी ढिगातून बाहेर आला. स्लॅब एका दमात ओतायचा असतो. मधे बराच वेळ गेला तर आधीचा माल आवळतो, मग नवा त्याला नीट धरत नाही, आणि त्या जागी पुढं पाणी झिरपतं. एवढं मलाही माहीत होतं. जवळचा क्रशर त्या दिवशी बंद होता. भीमेपलीकडं भांडगावच्या बाजूला एक चालू आहे असं कळलं. आबा आधीच गाडीपाशी उभे होते.

जाताना काही अडचण आली नाही. माल भरला. त्या दिवशी मी पाटे बघितले नाहीत, आबांनीही नाही. ताडपत्री ओढून बांधली आणि निघालो. हंगाम उसाचा. पुलाच्या अलीकडं गाड्यांची रांग लागलेली दिसली. पुढं उसाची ट्रॉली पलटी झाली होती आणि मोळ्यांनी अर्धा रस्ता अडला होता. उरलेल्या अर्ध्यात दोन्ही बाजूंनी गाड्या घुसल्या होत्या आणि नाकाला नाक लावून उभ्या होत्या. कोणी मागं जायला तयार नाही. ट्रॅक्टरचा ड्रायव्हर सुखरूप होता, बांधावर बसून फोनवर बोलत होता.

माझा फोन वाजत होता. नवरा. कुठपर्यंत आलीस. मी सांगितलं. त्यानं मिस्त्रीला सांगितलं. मिस्त्री काय म्हणाला ते मला सांगितलं. मग पुन्हा कुठपर्यंत आलीस.

आबा उतरले. मला वाटलं लघवीला गेले. ते सरळ पुढं चालत गेले, जिथं दोन जीप समोरासमोर अडकल्या होत्या तिथं उभे राहिले आणि खिशातून शिट्टी काढून वाजवली. ती शिट्टी त्यांच्याकडं असते हे मला तेव्हा कळलं. पांढरा शर्ट, पांढरी टोपी, वयस्कर माणूस आणि खरी शिट्टी. लोकांनी काय समजून ऐकलं ते सांगता येत नाही, पण ऐकलं. त्यांनी आधी आमच्या बाजूच्या गाड्या एकेक करून मागं घेतल्या, कारण पलीकडं एसटी अडकली होती. मग एसटी आणि तिच्या मागच्या काही गाड्या सोडल्या.

पलीकडच्या टोकाला कोणीतरी लागणार होतं. तिकडून आवाज आला, मी थांबतो. ते आप्पा होते, आमच्या गल्लीच्या तोंडाशी गोठा असलेले. गावातून कुठंतरी जाताना त्यांची गाडी तिकडं अडकली होती. त्यांना अजून आबा दिसले नव्हते. आबांनी एका मोटरसायकलवाल्याबरोबर निरोप धाडला की इकडून शेवटच्या गाडीबरोबर उसाचं कांडकं पाठवतो, ते हातात पडलं की तिकडच्या सोडा, तोवर एकही नाही. तिकडच्या शेवटच्या गाडीबरोबर तेच कांडकं परत द्यायचं. एकेरी रुळावर रेल्वेत असंच असतं म्हणे, तिथं लोखंडी गोळा असतो.

इकडच्या पाच-सहा गाड्या सोडल्या आणि शेवटच्या मोटरसायकलवाल्या पोराच्या हातात आबांनी कांडकं दिलं. पोरगं पलीकडं गेलं. बराच वेळ झाला, तिकडून काहीच सुटेना. आबांनी टाचा उंचावून पाहिलं. अखेर आप्पांचा आवाज आला, "कांडकं कुठंय?"

पोरानं ते खाल्लं होतं. त्याला वाटलं म्हाताऱ्यानं प्रेमानं दिलं.

मग आबा गाडीकडं आले, सीटच्या मागून सळयांचं ते लाल कापड काढलं आणि त्यानं काम पुढं सुरू झालं. कापड तिकडं गेलं, तिकडच्या गाड्या आल्या, कापड परत आलं. मी गाडी चालू ठेवून रांगेत पुढं सरकत होते. माझा नंबर आला. मी पहिला गिअर टाकला. आबांनी तळहात दाखवला.

"तुम्ही शेवटी."

मी खिडकीतून मान बाहेर काढून म्हटलं, आबा, स्लॅब थांबलाय.

"म्हाईत हाय."

मग सोडा की.

ते खिडकीजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "मी हितं उभा हाय म्हणून ही लोकं थांबल्यात. घरची गाडी आधी सोडली तर पुढच्या मिनिटाला कोण ऐकंल?"

माझ्या मागच्या गाड्या बाजूनं काढून त्यांनी एकेक पुढं सोडल्या. पहिल्यांदा दुधाचा टेम्पो गेला, मग कॉलेजची पोरं, मग एक नवरदेवाची गाडी. नवरदेवानं आबांना हात जोडले. फोन वाजत होता, तो मी उचलला नाही. मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते आणि मला आयुष्यात इतका राग क्वचितच आला असेल. रडूही येत होतं, पण मागून हॉर्न वाजत असताना रडणं जमत नाही.

जेसीबी आला, त्यानं मोळ्या बाजूला लोटल्या आणि रस्ता मोकळा झाला. आबा येऊन बसले, दार दोनदा लावून पाहिलं. मी त्यांनी सांगायची वाट न बघता गाडी सोडली. पलीकडच्या टोकाला आप्पा लाल कापड हातात घेऊन उभे होते. आम्हाला बघून त्यांचा चेहरा फार विचित्र झाला. गाडीजवळ येऊन त्यांनी कापड आत दिलं आणि विचारलं, "तुमी हुता व्हय तिकडं?" मग हौद्यावरच्या ताडपत्रीकडं बघून म्हणाले, "आज तुमचा स्लॅब न्हवं?" आबा म्हणाले, व्हय. आम्ही दिसेनासे होईपर्यंत आप्पा तिथंच उभे होते.

घरी पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. मिस्त्रीनं माल संपल्यावर कडा सरळ कापून काम थांबवलं होतं. त्यानं जुन्या कडेवर सिमेंटचं पाणी ओतलं आणि उरलेला स्लॅब उजेड असेपर्यंत पुरा केला. नवरा म्हणाला, उशीर का झाला. मी म्हटलं, तुझ्या वडिलांना विचार. त्यानं विचारलं. आबांनी जसं घडलं तसं सांगितलं, मला शेवटी सोडल्याचंही सांगितलं. नवरा प्लास्टरकडं बघत म्हणाला, "तुम्ही असंच करणार."

मी आबांशी बोलायचं बंद केलं. आधीही आमचं बोलणं फारसं नव्हतं, त्यामुळं हे घरात कोणाच्या लक्षात आलं नाही. सकाळी ते गाडीभोवती फिरायचे, बसायचे, गाडी सोडा म्हणायचे, मी सोडायची. टाइल्स आणल्या, खिडक्या आणल्या, पाण्याची टाकी आणली. टाकीनं अख्खा हौदा भरला आणि वजन काहीच नाही, तेव्हा वाऱ्यानं ती उडू नये म्हणून आबांनी तिला इतके दोर बांधले की घरी सोडायला निम्मी दुपार गेली. त्या दिवशी मी हसले. त्यांनी बघितलं असावं. पुलाजवळच्या त्यांच्या म्हणण्याचा मी पुष्कळ विचार केला. मला अजूनही वाटतं की एक पिकअप आधी गेली असती तर जगाचं काही बिघडलं नसतं. पण त्या दिवशी त्यांच्या जागी दुसऱ्या कोणी तसं केलं असतं तर मीच भांडायला उतरले असते, की स्वतःची गाडी पुढं काढतोस का म्हणून. हे दोन्ही मला एकाच वेळी पटतं, म्हणून मी तो विषय सोडून दिला.

स्लॅब पक्का व्हावा म्हणून त्यावर आळी करून पाणी साठवलं होतं. जोडाच्या रेषेत एका जागी खालून ओल दिसली, तळहाताएवढी. मिस्त्रीनं वरून काहीतरी काळं लावलं. मग ओल गेली, डाग राहिला. रंग दिला तरी तो डाग पुन्हा वर येतो. पाहुणे आले की वर बघतात.

आप्पांनी पत्रा कापला. ग्राइंडरवाला बोलावून, हातभर नव्हे, चांगला दोन हात मागं घेतला. फक्त तोवर आमचा शेवटचा दरवाजाही आत जाऊन बसला होता.

पौर्णिमेला घरात वंदना झाली. वस्तीतले सगळे आले, आप्पाही आले, खीर दोनदा घेतली. आबांबरोबर ओट्यावर बसून ते कांडक्याची गोष्ट लोकांना सांगत होते, आणि त्यात पोरगं प्रत्येक वेळी आणखी लहान होत होतं. नवरा कुबड्या सोडून चालत होता. पुढच्या आठवड्यापासून गाडी पुन्हा तरकारीला जाणार होती आणि माझी रजा संपली होती. संध्याकाळी आबा म्हणाले, मला दौंडला सोडता का. मी किल्ली घेतली.

खोलीपाशी गाडी थांबवली. त्यांनी कुलूप काढलं. मी पाण्याचा तांब्या भरावा म्हणून आत गेले तर सगळं सामान बांधून ठेवलेलं. पत्र्याची पेटी, कॉटचे चार भाग, गोण्यांत भांडी, तोंडं दोरानं आवळलेली. कधी बांधलं होतं कोण जाणे. पेटीवर धूळ होती. मी त्यांच्याकडं बघितलं, ते भिंतीकडं बघत होते. तिथं बाबासाहेबांचा फोटो उतरवल्याची चौकोनी जागा दिसत होती.

मी विचारलं, आबा, गाडीत टाकू का?

"तुमच्याकडं अडचण व्हईल."

खोली रिकामी पडलीय, मी म्हटलं. सकाळपासून सगळ्यांनी चपला तिथं काढल्या.

ते पेटीची एक कडी धरून उभे राहिले. मी दुसरी धरली. सगळं चढवलं तरी हौदा निम्मासुद्धा भरला नाही. घरमालकीण बाई बाहेर आली, तिच्या हातात त्यांनी किल्ली दिली. तिनं भुईमुगाच्या शेंगांची पिशवी दिली. आम्ही वळेपर्यंत ती आत जाऊन खोली झाडायला लागली होती.

चौफुल्याला चहाला थांबलो. आबा बाकड्यावर बसले, बशीत चहा ओतला आणि तो तसाच राहू दिला. म्हणाले, त्यांच्या बायकोला मोटारीत मळमळायचं. जीप, एसटी, काहीही असो, गावाबाहेर पडलं की उलटी. त्यामुळं ती सबंध आयुष्यात जिथं रेल्वे जाते तिथंच गेली. मनमाडला गेली, सोलापूरला गेली, दीक्षाभूमीला नागपूरला गेली.

"तुमच्या तळेगावाला रेल्वे न्हाई," ते म्हणाले. "म्हणून ती तुझ्याकडं कवा आली न्हाई. तुला वाटलं आसंल, राग हाय."

मला तसंच वाटलं होतं. मी म्हटलं, मला सांगायचं की कुणीतरी.

"तिला लाज वाटायची," ते म्हणाले आणि बशी उचलली. चहा गार झाला होता. मी दुसरा सांगितला.